‘दोन’ कुठून आला?

पडद्यावरची एक साधी रेष आणि तिच्यामागचं हरवलेलं कारण

गणिताच्या पेपराआधी आपल्या सगळ्यांना शाळेत एक ताकीद मिळालेली आहे : “नुसतं उत्तर लिहू नका, रीत लिहा. रीतीला मार्क आहेत.” त्या रीतीच्या जोरावरच आपल्यापैकी पुष्कळजण इंजिनिअर झाले, विमानात बसले आणि इथे येऊन स्थिरावले. मीही त्यातलाच. पण रीत पाठ असूनही माणूस किती कोरा राहू शकतो, हे मला इथे आल्यावर दोन वर्षांनी कळलं.

२००३ साल. पीएच.डी.ची क्वालिफाइंग परीक्षा, तीही तोंडी. समोर तीन प्राध्यापक. त्यातले एक म्हणाले, “संगणक पडद्यावर तिरकी रेष कशी काढतो, ते फळ्यावर दाखव.” मला हायसं वाटलं. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना ब्रेझनहॅमची रीत मी परीक्षेच्या आदल्या रात्री घोकली होती, आणि ती दरवर्षी हमखास येणाऱ्या प्रश्नांपैकी होती. ‘दोन गुणिले उभं अंतर, वजा आडवं अंतर’ इथपासून सुरुवात करून मी धडाधड सगळ्या पायऱ्या लिहिल्या. सरांनी मान डोलावली आणि शांतपणे विचारलं, “छान. हा ‘दोन’ कुठून आला?”

मी फळ्याकडे बघत राहिलो. शेवटी तोंडातून निघालं, “पुस्तकात आहे.” तिघेही हसले. बाकीच्या प्रश्नांवर मी तरलो, पण तो दोन मात्र माझ्या मानगुटीवर बसला तो बसलाच.

मागच्या वर्षी तो पुन्हा समोर आला. आमची मुलगी हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर सायन्सचा वर्ग घेते. तिला हीच रीत लिहायची होती. यंत्राला विचारून तिने कोड आणि सिद्धता दोन्ही मिळवलं होतं, आणि सिद्धता बरोबरही होती. तरी ती माझ्याकडे आली. “बाबा, हे सगळं गुणाकार टाळण्यासाठी आहे म्हणे. पण गुणाकार टाळायचाच कशाला? कॉम्प्युटरला गुणाकार येत नाही का?”

प्रश्न माझ्या सरांच्या प्रश्नापेक्षा वरचढ होता. त्याचं उत्तर शोधताना मी जुने कागद धुंडाळले. त्यात जे सापडलं, ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो आहे.

आधी रेष समजून घेऊ

संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. फरक इतकाच, की रांगोळीत आपण ठिपके जोडतो आणि इथे जोडायची सोय नाही, ठिपकेच उजळायचे असतात. आडवी किंवा उभी रेष सोपी. तिरकी रेष मात्र ठिपक्यांच्या मधून जाते, म्हणून प्रत्येक पावलाला ठरवावं लागतं : सरळ उजवीकडचा ठिपका घ्यायचा, की एक पायरी वर चढून पुढचा?

समजा, सात घरं उजवीकडे आणि तीन घरं वर अशी रेष काढायची आहे. खरी रेष प्रत्येक पावलाला ३/७ घर वर सरकते. सरळमार्गी माणूस ३/७ चा अपूर्णांक धरून प्रत्येक वेळी बेरीज करील आणि जवळच्या पूर्णांकाकडे वळेल. उत्तर बरोबर येईल, पण अपूर्णांक सांभाळावे लागतील.

आता दुसरी पद्धत. तेव्हा माझी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिने आयुष्यभर दूधवाल्याचं आणि वाण्याचं खातं ठेवलं आहे. ती शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, “ही तर उधारी आहे. सुटे नसतील तर साठवायचे, आणि अर्ध्या रुपयाच्या वर गेले की रुपया देऊन टाकायचा.”

नेमकं तेच! प्रत्येक पावलाला आपण ३/७ घराचे देणेकरी होतो. उधारी अर्ध्या घरापेक्षा जास्त झाली, की एक घर वर चढून ती फेडायची. फेड थोडी जास्त झाली, तर तेवढी रक्कम आपली जमा.

अपूर्णांक नको असतील तर सगळा हिशोब एकाच संख्येने वाढवून घ्यायचा. ३/७ मधल्या सातासाठी सातपट करावी लागते, आणि ‘अर्ध्या’साठी आणखी दुप्पट. म्हणजे चौदापट. आता प्रत्येक पावलाची उधारी ६, एक घर चढलं की फेड १४, आणि उंबरठा ७.

पहिलं पाऊल : उधारी ६. उंबरठ्याखाली आहे, सरळ चला.
दुसरं : १२. सातच्या वर गेली. एक घर चढा, १४ फेडा. खातं उणे २.
तिसरं : ४. सरळ.
चौथं : १०. चढा. खातं उणे ४.
पाचवं : २. सरळ.
सहावं : ८. चढा. खातं उणे ६.
सातवं : ०. सरळ.

सात पावलांत तीन वेळा चढलो, टोकाला पोचलो आणि खातं शून्यावर मिटलं. कुठे गुणाकार नाही, भागाकार नाही, अपूर्णांक नाही. सगळं काम बेरीज-वजाबाकीवर भागलं.

आणि तो दोन? दुप्पट केली ती ‘अर्ध्या’ घराच्या उंबरठ्यामुळे. पाठ्यपुस्तकातली सुरुवातीची संख्या ‘दोन गुणिले उभं अंतर, वजा आडवं अंतर’ म्हणजे इथे ६ वजा ७. पहिल्या पावलाची उधारी वजा उंबरठा! ती ऋण असेल तर सरळ जायचं, धन असेल तर चढायचं. वीस वर्षं मला न सुटलेली गोष्ट आईच्या दुधाच्या खात्यात होती.

पण गुणाकार का टाळायचा?

जॅक ब्रेझनहॅम १९६२ साली सॅन होजेच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तिथे आयबीएम १४०१ नावाच्या संगणकाला कॅलकॉम्प कंपनीचा प्लॉटर जोडलेला होता. प्लॉटर म्हणजे कागदावर पेनाने रेघा ओढणारं यंत्र. त्यातलं रूळ फिरलं की कागद मागेपुढे सरके आणि पेन डावीउजवीकडे. दोन्ही एकदम हलले की तिरकं पाऊल पडे. म्हणजे त्या पेनाला फक्त आठ दिशा ठाऊक, आणि पाऊल ठरलेल्या मापाचं, इंचाच्या शंभराव्या भागाएवढं. तेव्हा ही रीत मुळात पडद्यासाठी निघालीच नव्हती, ती एका पेनासाठी निघाली. पडद्याचे ठिपके नंतर आले आणि रीत त्यांनाही चपखल बसली.

आता १४०१. हा संगणक आयबीएमने १९५९ साली बाजारात आणला. साध्या १४०१ मध्ये गुणाकार-भागाकाराची सोय नव्हती. ती हवी तर वेगळी, जास्तीचे पैसे मोजून घ्यावी लागे. गाडी घेताना आपण वरच्या सोयी निवडतो, तसंच. सोय घेतली नसेल तर प्रत्येक गुणाकारासाठी छोटा प्रोग्रॅम लिहून बेरजांवर बेरजा करायच्या. स्मृती कमीत कमी १,४०० आणि जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची. हा लेखसुद्धा त्या लहानात लहान यंत्रात मावला नसता.

म्हणजे मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः “हो” असं आहे. त्या कॉम्प्युटरला गुणाकार येत नसे, निदान फुकट तरी येत नसे! ब्रेझनहॅम यांनी ही रीत १९६३ साली डेन्व्हरच्या एका अधिवेशनात मांडली आणि १९६५ साली आयबीएमच्या नियतकालिकात छापली. निबंध अवघ्या सहा पानांचा आहे, आणि त्याच्या सारांशातच म्हटलं आहे, की ही रीत गुणाकार-भागाकाराच्या आज्ञांशिवाय लिहिता येते. कारण पहिल्या पानावरच लिहिलेलं आहे. पुस्तकांनी पुढे रीत घेतली, यंत्र गाळलं, आणि यंत्राबरोबर कारणही गळून पडलं. माझ्या हातात आली ती रीत अशी अनाथ होऊन आली होती.

माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये दुरुस्त करून पुन्हा चालू केलेले आयबीएम १४०१ आहेत. आम्ही तिघं, मी, मुलगी आणि आई, ते बघायला गेलो. कपाटाएवढं यंत्र आणि छपाईयंत्राचा खडखडाट. मुलगी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “आता पटलं.”

जी रीत वेडगळ वाटली, तीच टिकली

दुसरं उदाहरण उलट दिशेचं आहे. घनाकृतीचं चित्र काढताना पुढच्या वस्तूमागे मागची वस्तू लपली पाहिजे. हे कसं साधायचं, यावर १९६०-७० च्या दशकांत भली डोकी खपली. बरीचशी सॉल्ट लेक सिटीच्या युटा विद्यापीठात होती. डेव्हिड इव्हान्स यांनी तिथे संगणक विभाग उभा केला आणि १९६८ साली आयव्हन सदरलँड तिथे आले. हे सदरलँड म्हणजे १९६३ साली एमआयटीत ‘स्केचपॅड’ लिहून पडद्यावर प्रकाशलेखणीने चित्र काढून दाखवणारे.

एक उपाय रंगाऱ्याचा. गणपतीच्या मखरामागचा देखावा रंगवणारा आधी आकाश रंगवतो, मग डोंगर, मग झाड आणि शेवटी पुढचं देऊळ. मागून पुढे येत गेलं की झाकायचं ते आपोआप झाकलं जातं. अडचण कुठे येते ते कळायला घर बदलताना बांधलेलं पुठ्ठ्याचं खोकं आठवा. टेप नसली की आपण चारही झाकणं एकमेकांत अडकवतो. पहिलं दुसऱ्यावर, दुसरं तिसऱ्यावर, तिसरं चौथ्यावर आणि चौथं पुन्हा पहिल्यावर. सगळ्यात मागचं कोणतं? कोणतंच नाही! अशा वेळी रंगाऱ्याला एखादं झाकण कापून त्याचे दोन तुकडे करावे लागतात.

दुसरा उपाय इतका साधा, की तो सुचवायला संकोच वाटावा. प्रत्येक ठिपक्यापाशी रंगाबरोबर एक अंतरही लिहून ठेवायचं : इथे आत्ता दिसणारी वस्तू डोळ्यापासून किती लांब आहे. नवी वस्तू आली की अंतर पडताळायचं. ती जवळची असेल तर जुनं पुसून नवं लिहायचं, नाहीतर सोडून द्यायचं. क्रम लावायला नको, कापाकापी नको. याला झेड-बफर म्हणतात. युटाच्या एड कॅटमुल यांनी १९७४ सालच्या आपल्या पीएच.डी. प्रबंधात तो मांडला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये वोल्फगांग श्ट्रासर यांनीही तीच कल्पना प्रबंधात लिहिली.

मग सगळ्यांनी ती लगेच का उचलली नाही? हिशोब करा. ५१२ गुणिले ५१२ ठिपके म्हणजे २,६२,१४४ ठिपके. प्रत्येकामागे अंतरासाठी दोन बाइट धरले तरी ५,२४,२८८ बाइट नुसत्या अंतरांना लागले. त्या काळच्या स्मृतीच्या भावात ही उधळपट्टीच होती. पुढे स्मृती स्वस्त झाली आणि हुशार रीती मागे पडून ही भाबडी रीत पुढे गेली. आज मुलांच्या खेळांमागच्या ग्राफिक्स चिपमध्ये तीच आहे. कॅटमुल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि २०१९ सालच्या ट्यूरिंग पुरस्काराचे मानकरी ठरले.

ब्रेझनहॅमच्या काळी स्मृती महाग आणि गुणाकार महाग, म्हणून काटकसर शहाणपणाची होती. झेड-बफरच्या नशिबी आधी हेळसांड आणि मग राज्याभिषेक आला, तोही स्मृतीच्या भावामुळेच. रीतीचा शहाणपणा तिच्या काळाच्या भावावर ठरतो. भाव माहीत नसेल तर पाठ केलेली रीत नुसता मंत्र उरतो.

एका नावाची गोष्ट

युटाच्याच आणखी दोघांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. १९७१ साली हेन्री गुरो यांनी पत्नीच्या चेहऱ्यावर रेघा आखून त्या चेहऱ्याची मापं घेतली आणि संगणकावर तो गुळगुळीत दाखवला. त्यांची रीत अशी : पृष्ठभागाच्या छोट्या छोट्या तुकड्यांच्या कोपऱ्यांवर किती उजेड पडतो ते काढायचं आणि मधल्या जागेत त्याची सरासरी भरायची. मऊ त्वचेला हे छान. पण स्टीलच्या तांब्यावर जो लखलखीत ठिपका असतो, तो एखाद्या तुकड्याच्या मधोमध पडला तर? कोपऱ्यांना त्याचा पत्ताच नाही, मग सरासरीत तो येणार कुठून? १९७३ सालच्या प्रबंधात बुई तुओंग फाँग या व्हिएतनामी तरुणाने यावर तोड काढली : उजेडाची सरासरी घेऊ नका. पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे त्या दिशेची सरासरी घ्या, आणि उजेडाचं गणित प्रत्येक ठिपक्यापाशी नव्याने करा. तांब्या चमकला.

त्यांचा निबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते वारले. तिशीच्या सुरुवातीलाच! जगभर आज ‘फाँग शेडिंग’ म्हणतात, पण त्यांचं आडनाव बुई. व्हिएतनाममध्ये आडनाव आधी लिहितात. इकडे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, अशी पक्की समजूत. फॉर्मवर वडिलांचं नाव ‘मिडल नेम’ म्हणून लिहिणाऱ्या आपल्या लोकांना यावर वेगळं काही सांगायला नको.

हे कागद सापडतात कुठे?

ज्यांना स्वतः शोधायचं आहे, किंवा ज्यांची मुलं असे प्रश्न विचारतात, त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं.

पहिलं ठिकाण म्हणजे मूळ निबंध. एसीएम या संगणकशास्त्राच्या मोठ्या संस्थेने १९५१ ते २००० पर्यंतचं आपलं बहुतेक सगळं प्रकाशन २०२२ साली सर्वांसाठी मोफत खुलं केलं. फाँग यांचा १९७५ चा निबंध तिथे आहे. सदरलँड, स्प्राउल आणि शुमाकर यांनी लपलेल्या पृष्ठभागांच्या दहा रीती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या, तो १९७४ चा निबंधही तिथे आहे. विषय समजावून कसा सांगावा, याचा तो वस्तुपाठच.

दुसरं, प्रबंध आणि अहवाल. युटाच्या कामाला संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’चा पैसा होता, त्यामुळे त्यातले कित्येक अहवाल सरकारी तांत्रिक संग्रहात सार्वजनिक आहेत. सदरलँड यांचा १९६३ चा प्रबंध केंब्रिज विद्यापीठाने २००३ साली नव्याने अक्षरजुळणी करून उपलब्ध केला.

तिसरं, पुस्तकं. न्यूमन आणि स्प्राउल यांचं १९७३ चं, फोली आणि व्हॅन डॅम यांचं १९८२ चं. गावातल्या लायब्ररीत नसली तरी ‘इंटरलायब्ररी लोन’ने मागवता येतात. ही सोय आपल्यातले फार थोडे लोक वापरतात.

चौथं, प्रत्यक्ष कोड. मॅकिन्टॉशवर चित्रं काढणाऱ्या ‘क्विकड्रॉ’ची मूळ आज्ञावली म्युझियमने २०१० साली खुली केली. ती बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेली. त्यांनी गोलाकार काढताना वापरलेली युक्ती चौथीतल्या मुलालाही कळेल. १, १+३=४, १+३+५=९, १+३+५+७=१६. विषम संख्या मिळवत गेलं की वर्गसंख्या मिळतात. वर्ग काढायलाही गुणाकार नको!

आणि वाचायचा क्रम, माझ्या अनुभवाचा : आधी तारीख बघा, मग यंत्र कोणतं ते बघा, आणि मगच रीत वाचा.

आपल्याकडेही ही परंपरा अगदीच परकी नव्हती. मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक चालू झाला. तो तिथेच बांधलेला होता, आणि आलेख व अक्षरं दाखवायला त्याला पडदाही होता. मी पुण्यात चार वर्षं ग्राफिक्स ‘शिकलो’, पण दीडशे-दोनशे किलोमीटरवर हे घडून गेलं होतं, हे मला अमेरिकेत आल्यावर समजलं.

शेवटी

हे सगळं जुनं उकरून काय मिळवायचं, असं कोणी विचारील. नोकरीच्या ठिकाणी आता माझ्या वाट्याला दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला जुना कोड येतो. लिहिणारे निवृत्त झालेत. एखादी ओळ अशी का, हे सांगणारं कोणी नसतं, म्हणून ती काढायची भीती वाटते आणि ठेवायचीही. घरीही आपलं तेच चालतं. मुलांना आपण रीत सांगतो : असं कर, तसं करू नको. त्यांनी “का?” विचारलं की आपण म्हणतो, “तशी पद्धत आहे.” म्हणजे थोडक्यात, “पुस्तकात आहे.” मुलं तिघा प्राध्यापकांसारखी हसत नाहीत, एवढंच. ती हळूहळू विचारायची थांबतात.

आई परत जायच्या आदल्या दिवशी मुलीने आपला प्रोग्रॅम तिला दाखवला. पडद्यावर रेष उमटली आणि बाजूला उधारीचा आकडा पावलागणिक बदलत शेवटी शून्यावर आला. आईने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, “खातं मिटलं. आता पुढच्या महिन्याचं काढ.”

माझ्या त्या सरांना मी गेल्या महिन्यात पत्र लिहिलं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात मावलं : “दोन अर्ध्यातून आला.”